दादाच्या पाठीची शस्त्रक्रिया

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
सा. न. वि. वि.

उसण भरली म्हणून कोणी पाठ कापते का, असे आई फोनवर पुन्हा पुन्हा विचारत होती आणि बाबा, तुम्ही काहीच बोलत नव्हता. म्हणून सविस्तर लिहिते. दादाची ती उसण नव्हती. जड वजने उचलल्यानंतर काही तासांत सुरू झालेली कळ आडवे पडून थांबली नाही, वेदनाशामक गोळ्यांनीही नाही. ती वाढतच गेली. कमरेत कण्यालगतचे स्नायू इतके कडक झाले होते की बोटाने दाबले तरी दबत नव्हते, आणि त्यांवरच्या त्वचेला स्पर्शही नीट कळत नव्हता. पायांत मात्र मुंग्या नव्हत्या की अशक्तपणा नव्हता, त्यामुळे मणक्यातली चकती सरकल्याची शंका मागे पडली.

हे स्नायू एका चिवट आवरणात बंदिस्त असतात. अतिश्रमाने ते सुजले की आवरण पुरेसे ताणले जात नाही, आतला दाब वाढतो, बारीक रक्तवाहिन्या दबतात आणि रक्ताविना राहिलेला स्नायू आणखी सुजतो. याला कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. हातापायांत तो डॉक्टरांच्या परिचयाचा आहे. रक्तपुरवठा तुटल्याने आखडणाऱ्या स्नायूंचे वर्णन जर्मन शल्यचिकित्सक रिचर्ड फॉन फोल्कमन यांनी १८८१ मध्येच केले होते. पाठीत तो फार क्वचित होतो, म्हणूनच साधी लचक समजली जाण्याची भीती अधिक.

दादाची लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तेव्हा मला खरी काळजी वाटली. मरणाऱ्या स्नायूंतले मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात उतरते आणि मूत्रपिंडांना इजा करते. क्रिएटिन कायनेज, म्हणजे स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारे द्रव्य, जे एरवी काही शेकड्यांच्या आत असते, ते हजारोंच्या घरात गेले होते. एमआरआयमध्ये सूज दिसली, पण दाब त्यात मोजता येत नाही; तो स्नायूत सुई घालूनच मोजला आणि पाऱ्याच्या ३० मिलिमीटर या धोक्याच्या पातळीच्या बराच वर निघाला.

काही रुग्ण केवळ सलाईन आणि देखरेखीवर बरे झाले आहेत, आणि पाठीच्या बाबतीत शस्त्रक्रियेविषयी सर्व डॉक्टरांचे एकमत नाही, हे मला सांगण्यात आले होते. तरीही मी संमती दिली, कारण रक्तपुरवठा पूर्ण तुटला तर सुमारे ६ तासांत स्नायू कायमचा निकामी होऊ लागतो, आणि मेलेला स्नायू पुन्हा जिवंत होत नाही. आवरण उभे चिरून दाब मोकळा केला आहे. सूज उतरेपर्यंत जखम उघडी ठेवली आहे, ती काही दिवसांनी शिवतील. पाहून घाबरू नका.

आई, तो घरी आल्यावर पाठ चोळू नकोस, शेकूही नकोस. बाबा, तुमच्या गुडघ्यांसाठीच्या वेदनाशामक गोळ्या त्याला देऊ नका. त्यांतल्या बऱ्याच मूत्रपिंडांवर ताण आणतात. मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे हे दाखवणारे त्याच्या रक्तातले क्रिएटिनिन उतरत आहे आणि लघवीचा रंग निवळला आहे. पुढची तपासणी झाली की लगेच फोन करते.

तुमची,
धाकटी