ताई, स्लायडर काढून टाकल्याबद्दल आभार

प्रिय ताई,

नाव लिहायचं नाही अशी तुझी अट आहे, म्हणून नुसतं ताई. इथूनच शिकून गेलेली आणि आता पुण्यात नोकरी करणारी, एवढ्यावरूनही कॅन्टीनवाले काका ओळखतील, त्याला माझा इलाज नाही.

आपल्या कॉलेज रेडिओची तू केलेली नवी वेबसाइट सुरू झाल्यापासून लोक आम्हा आरजे मंडळींना शाबासकी देतायत. ती तुझी आहे. हे चारचौघांत सांगायला हवं, म्हणून हे जाहीर पत्र.

तू आलीस तेव्हा आमची मागण्यांची यादी तयार होती. वरती फिरते फोटो (स्लायडर), मागे गोदाघाटाचा व्हिडिओ, पान उघडताच आपोआप वाजणारा रेडिओ. तू ती वाचलीस, घडी करून पर्समध्ये ठेवलीस आणि म्हणालीस, "चला कॅन्टीनमध्ये." तिथे दिसेल त्याला त्याच्याच फोनवर जुनी वेबसाइट उघडायला लावलीस. आम्हाला बोलायची बंदी. बटण कुठे आहे तेही सांगायचं नाही. मुलं दोन बोटांनी पान मोठं करतायत, डावीकडे-उजवीकडे सरकवतायत, आणि प्ले काही सापडत नाही. शेवटी एकजण वैतागून म्हणाला, "एफएमवर कितीवर लागतो ते सांगा ना!"

हा प्रश्न आम्हाला नेहमीचा. सामुदायिक रेडिओला साधारण १०० वॅटचा ट्रान्समीटर लावता येतो, आवाज फार तर १०-१५ किलोमीटर जातो. पेठ, दिंडोरी, सिन्नर, त्र्यंबकहून एसटीने येणाऱ्या मुलांना घरी बसून तो लागणारच नाही. म्हणून आमचा रेडिओ नेटवर. पण ऐकणाऱ्याच्या हातात फोन असतो आणि वेबसाइट मात्र कॉम्प्युटरच्या पडद्याच्या मापाने शिवलेली, हे तोवर आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मग तू एकेक गोष्ट काढायला सुरुवात केलीस. फिरते फोटो गेले. व्हिडिओ गेला. मी भांडले, ते आठवत असेलच. आपोआप वाजण्याबद्दल तू सांगितलंस की मोबाइलवरचं क्रोम सहसा आवाज असा आपोआप वाजूच देत नाही, शिवाय लेक्चरला मागच्या बाकावर कुणी पान उघडलं तर काय होईल याचा विचार करा. तो मुद्दा पटला! उरलं काय, तर अंगठा पोचेल अशा जागी एक मोठं प्लेचं बटण, सध्या कोणता कार्यक्रम चालू आहे ते, आणि आजचं वेळापत्रक.

स्ट्रीमचं, म्हणजे नेटवरून सतत येणाऱ्या आवाजाचं, गणित तू फळ्यावर मांडलंस. १२८ केबीपीएसने (सेकंदाला १२८ किलोबिट डेटा या दराने) तासाला जवळजवळ ५८ एमबी जातात, ६४ ने २९. आमचे बहुतेक कार्यक्रम गप्पांचे, त्यामुळे एएसीमध्ये (कमी डेटात आवाज पाठवायच्या पद्धतीत) ६४ वर आवाज छान राहतो. रोजच्या दीड जीबीत रील्स, क्लासचे व्हिडिओ आणि भावंडांचा हॉटस्पॉट भागवणाऱ्याला हा फरक कळतो. गाण्यांच्या कार्यक्रमासाठी थोडा जास्त दर ठेवू या, असं माझं अजूनही मत आहे, पण ते राहू दे.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो दोन गोष्टींनी, आणि त्या ऐकणाऱ्याला कधी दिसणारही नाहीत. जुन्या साइटवर वेळापत्रकावर बोट लावलं की नवं पान उघडायचं आणि रेडिओ बंद पडायचा. तू प्लेअर खाली कायम ठेवलास आणि वरचा मजकूर तेवढा बदलता केलास. दुसरी गोष्ट पेठच्या मैत्रिणीने सांगितलेली. सावळघाटात रेंज गेली की रेडिओ थांबतो, आणि रेंज परत आली तरी मुका तो मुकाच. आता नेटवर्क आलं की प्लेअर स्ट्रीम नव्याने जोडून घेतो आणि थेट चालू कार्यक्रमावर येतो. तिने मला घरी पोचल्यावर मेसेज केला, "लागला गं आपोआप."

आणि मराठी. आम्ही कुठलासा सुंदर फॉन्ट आणला होता, तुझं म्हणणं, अँड्रॉइड फोनमध्ये देवनागरी असतेच, तीच वापरा, पान हलकं राहील. शिवाय इंग्रजीच्या हिशेबाने ओळी जवळजवळ ठेवल्यामुळे वरच्या मात्रा नि खालचे उकार एकमेकांत घुसत होते, ते तू अंतर वाढवून सोडवलंस. आजीला वेळापत्रक चष्म्याशिवाय वाचता आलं. ती ऐकते ते फक्त भजनांसाठी, पण ऐकते.

जाताना तू वेळापत्रक एका साध्या ऑनलाइन शीटला (तक्त्याला) जोडून दिलंस. आता कार्यक्रम बदलला की आम्ही बसमधूनही फोनवर शीट भरतो आणि साइटवर तो बदल दिसतो. दर वेळी तुला फोन करावा लागत नाही. बहुतेक तुला तेच हवं होतं.

एक हिशेब मात्र बाकी आहे. डोमेनचे (वेबसाइटच्या पत्त्याचे) पैसे तू परस्पर भरलेस, हे आम्हाला पावती सापडल्यावर कळलं. सरांनी ते रेडिओच्या खात्यातून मंजूर करून घेतलेत. तू ऑनलाइन घेणार नाहीस हे माहीत आहे, म्हणून पाकीट माझ्याकडे ठेवलंय. दिवाळीत स्टुडिओ बंद असतो, म्हणून त्याच्या आधी ये. मिसळ आमच्याकडून, आणि संध्याकाळच्या कार्यक्रमात तुझी मुलाखत. तिथेही नाव सांगणार नाही, शब्द देते.

तुझी,
सकाळच्या बातम्या वाचणारी