आण्णा बसतात कुठं, हे विचारणाऱ्या दादांना

दादा,

तुमचं आणि दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं असतं, तर 'ताई, कशाला ओ' म्हणून तुमचाच फोन आला असता. सांगलीच्या गणपती पेठेच्या मागच्या बोळांतून ज्यांचं जाणं-येणं आहे, त्यांना कळेल. टीव्ही घरी येऊन महिना उलटला, पण परवा रात्री जे झालं त्यानंतर लिहिल्याशिवाय राहवेना.

तुमच्याकडे यायच्या आधी आम्ही एका मोठ्या, गार हवेच्या दुकानात दीड तास काढला होता. तिथल्या मुलाने पहिला प्रश्न बजेटचा केला आणि मग आण्णांकडे पाठ करून माझ्याशीच बोलत राहिला. '२२ सप्टेंबरपासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ चा १८ टक्के झालाय मॅडम, वाचलेल्या पैशात ५५ इंची फोर-केच बसवा.' फोर-के म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांचा पडदा. पडद्यावर मोर नाचत होता, पिसाचा तंतू न् तंतू मोजून घ्यावा असा. आण्णांनी विचारलं, 'ह्यावर बातम्या कशा दिसतात?' उत्तर मिळालं, 'आजोबा, ह्यावर सगळंच भारी दिसतं.' ७९ वर्षांचा माणूस छत्री टेकून उभा होता. खुर्ची सरकवावी असं तिथल्या सहा जणांपैकी एकालाही वाटलं नाही.

बरं, फसायची ही काही पहिली वेळ नव्हती. २०१९ च्या ऑगस्टात पुराचं पाणी गावभागातल्या आमच्या घरात आलं आणि टेबलावरचा टीव्ही गेला. मग घाईघाईत घरबसल्या ३२ इंची मागवला. खोक्यावर ठळक अक्षरांत 'फोर-के सपोर्ट'. सहा वर्षं आम्ही त्याच भ्रमात. तुम्ही मॉडेल नंबर बघितलात आणि म्हणालात, 'ताई, पडदा १३६६ बाय ७६८ ठिपक्यांचाच हाय. सपोर्ट म्हंजे आत घेतंय, दाखवतंय आपल्या ऐपतीप्रमाणं.' मला हसूही आलं आणि स्वतःचा रागही आला. मी गणित शिकवते, दादा. आकडे बघून तरी मला प्रश्न पडायला हवा होता.

पण हे पत्र त्यासाठी नाही. ते त्या स्टुलासाठी आहे.

किंमत नाही, कंपनी नाही, तुम्ही आधी आण्णांना विचारलंत, 'आण्णा, घरात बसताय कुठं तुम्ही?' ते म्हणाले, खिडकीपाशी, आरामखुर्चीत. भिंतीपासून आठ-नऊ फूट. तुम्ही दुकानातलं एकुलतं एक स्टूल उचललंत आणि फरशा मोजायला लागलात. दोन फुटी फरशी, म्हणजे साडेचार. चौथ्या फरशीला तुमचं दुकानच संपलं. तुम्ही स्टूल बाहेर पायरीखाली ठेवलंत, आण्णांना हाताला धरून बसवलंत आणि त्यांच्या मागे, रस्त्याच्या बाजूला, स्वतः उभे राहिलात. पेठेत माल उतरत होता, दुचाकीवाले हॉर्न वाजवत होते. एकाला तुम्ही नुसत्या तळहाताने थांबवलंत. दहा मिनिटं तरी असेच उभे होतात, आणि आत आलेल्या गिऱ्हाइकाला 'बसा, आलो' म्हणालात. बसायला तिथे काही नव्हतं, ते वेगळं.

तुमच्याकडच्या पडद्यावरचा मोर तुम्ही बंद केलात. 'मोर काय घरी येत न्हाई, घरी बातम्या येत्यात.' फ्री डिशचा बॉक्स आधी एका ४३ इंची फोर-केला लावलात, मग तेवढ्याच फुल एचडीला. आण्णांना दोन्ही सारखेच दिसले. खरं सांगायचं तर मलाही. उलट साध्या चॅनेलवरचे चेहरे फोर-केवर जरा मेणाचे वाटले. का, तेही तुम्ही सांगितलंत: आपल्या साध्या चॅनेलच्या चित्रात आडव्या रेघा ५७६, फोर-केच्या पडद्यावर २१६०. उरलेल्या रेघा टीव्हीने आपल्या अंदाजाने भरायच्या, आणि स्वस्तातल्या टीव्हीचा अंदाज कच्चा.

घरी येऊन मी वहीत मांडून बघितलं. ४३ इंची पडदा साधारण ९५ सेंटिमीटर रुंद. फुल एचडीच्या एका ओळीत १९२० ठिपके, त्यांनी भागलं की एक ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. चांगल्या डोळ्याला अंशाच्या साठाव्या भागापर्यंतचं बारीक दिसतं असं धरलं, तर साडेपाच फुटांपलीकडून ते ठिपके वेगळे दिसतच नाहीत. आण्णा बसतात नऊ फुटांवर, आणि एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. फोर-केचे ८३ लाख ठिपके कुणासाठी विकत घ्यायचे होते आम्ही? 'पाच फुटांवरनं ५५ इंची बघणार असला, तर फोर-केच घ्या,' असंही तुम्ही म्हणाला होतात. म्हणजे तुमचं फोर-केशी वाकडं नव्हतं. आमची खोली तेवढी तुम्ही नीट विचारून घेतलीत.

आणि पुराच्या धास्तीने टीव्ही छताजवळ लावायचा आण्णांचा हट्ट! बसवायला आलात तेव्हा तुम्ही वाद घातला नाहीत. 'खालनं वर बघितलं की रंग उडाल्यागत दिसत्यात, आण्णा. डोळ्यासमोर लावू. सात-आठ किलोचा तर हाय, पाणी चढायला लागलं की फोन करा, माळ्यावर टाकायला मी येतो.' पुरात कोण कुणाकडे पोचतं, हे सांगलीकराला सांगायला नको. तरी ते म्हणणारा माणूस भेटला. अशी माणसं पेठांतून अजून आहेत, त्यांच्या दारात फुगे आणि कमान नसते, म्हणून आपण पुढे निघून जातो. मीही गेलेच होते.

आता परवाचं. २ नोव्हेंबर, महिलांच्या विश्वचषकाची फायनल. आपली स्मृती खेळणार म्हणून घरात शेजारपाजारचे मिळून चौदा जण. पावसाने दोन तास खाल्ले, पाचला खेळ सुरू झाला. मुलाने मॅच नेटवर लावून दिली. आण्णा आरामखुर्चीतून स्कोअर मोठ्याने वाचत होते. गेली दोन वर्षं आम्ही त्यांना वाचून दाखवायचो! स्मृती ४५ वर बाद झाली तेव्हा 'शंभरच्या वर सलामी दिलीय पोरीनं, जाऊ दे' म्हणाले, आणि चष्मा काढून उगाच पुसत बसले. दीप्तीने शेवटची विकेट काढली तेव्हा मध्यरात्र झाली होती. बाहेर फटाके सुरू झाले.

तेवढ्या गडबडीत आण्णांनी मला विचारलं, 'त्या पोरानं बघितली असंल का गं मॅच?'

मी म्हटलं, 'त्यांच्या दुकानात अकरा टीव्ही आहेत, आण्णा.'

'व्हय, पण स्टूल एकच हाय,' ते म्हणाले.

तुमची,
गावभागातली ताई