सोनोग्राफीचा कागद म्हणजे निदान नव्हे

महोदय,

पाळी लांबली की मिरजेला जाऊन सोनोग्राफी, आणि कागदावर 'पीसीओडी' (अंडाशयात अनेक पुटिका, म्हणजे द्रवाच्या बारीक पिशव्या) आले की घरात थेट मुलीच्या लग्नाची चिंता! सांगली, तासगाव, जत भागात हे नेहमीचे झाले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील ६ ते १३ टक्के स्त्रियांना पीसीओएस (पीसीओडी म्हणतात तोच हॉर्मोनचा बिघाड) असतो. त्यातल्या ७० टक्क्यांपर्यंत स्त्रियांचे निदानच होत नाही. मात्र पहिल्या पाळीनंतर ८ वर्षे सोनोग्राफीवरून निदान करू नये. त्या वयात निरोगी अंडाशयातही बारीक पुटिका भरपूर दिसतात.

पाळी सुरू होऊन ३ वर्षे उलटल्यावरही दोन पाळ्यांतले अंतर ३५ दिवसांच्या वर जाते का, सोबत हनुवटीवर राठ केस किंवा रक्तात टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हॉर्मोन) जास्त आहे का, हे पाहावे. तरुण मुलीत निदानासाठी लांबलेली पाळी आणि पुरुषी हॉर्मोनची खूण, दोन्ही आढळायला हवेत. थायरॉईड आणि प्रोलॅक्टिन (दूध तयार करणारे हॉर्मोन) आधी तपासावे, कारण त्यांच्या बिघाडानेही पाळी लांबते. हॉर्मोनच्या गोळ्या चालू असताना टेस्टोस्टेरॉन मोजणे म्हणजे पैसे वाया. किमान ३ महिने त्या बंद हव्यात.

आई-बहिणीला हाच त्रास, घरात मधुमेह, वाढते वजन ही जोखीम. सडपातळ मुलीही सुटत नाहीत. मानेवरचा काळा पट्टा मळ समजून घासत बसतात. ती बहुधा शरीर इन्सुलिनला दाद देत नसल्याची खूण. अशा वेळी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून रक्तातली साखर मोजण्याची चाचणी करावी. आणि ९० दिवस पाळी आली नाही तर वाट पाहत थांबू नये, डॉक्टरांना दाखवावे; गर्भाशयाचे अस्तर जाड होत राहते.

– एक स्त्रीरोगतज्ज्ञ, सांगली