कौतुक राहू द्या, बटणाला नाव द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला अंध प्रोग्रॅमरवरचा लेख मुलीकडून वाचून घेतला. का, ते शेवटी सांगतो. लेखात ‘अंतःचक्षू’ हा शब्द तीनदा आला आहे, ‘स्क्रीन रीडर’, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारा प्रोग्रॅम, एकदाच, तोही जाता जाता. मी जन्मापासून अंध आहे आणि गेली अठरा वर्षे प्रोग्रॅमिंगवर पोट भरतो. अंतःचक्षू मला अजून सापडलेले नाहीत. मी कान वापरतो. पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतली ओळ किती आत सरकली आहे हे स्क्रीन रीडरच्या सुरावरून कळते. ओळ जितकी आत, तितका सूर चढा. यात जिद्द वगैरे काही नाही, एक सेटिंग आहे.

‘कंपन्यांच्या औदार्यामुळे दारे उघडली’ हे वाक्य तर फारच झोंबले. जॉज हा स्क्रीन रीडर टेड हेंटर यांचा. ते मोटरसायकल शर्यतपटू होते, अपघातात दृष्टी गेली. ईमॅक्स या मजकूर आणि कोड लिहायच्या प्रोग्रॅमला बोलते करणारे ईमॅकस्पीक टी. व्ही. रामन यांनी 1995 साली आणले. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर 2006 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन यांनी सुरू केला आणि लवकरच जेम्स तेह त्यांना येऊन मिळाले, तोही फुकट. चौघेही अंध. औदार्य म्हणायचेच तर ते आमच्याच घरचे!

आता कंपन्यांचे औदार्य ऐका. गेल्या वर्षी नोकरी बदलायची म्हणून एके ठिकाणची ऑनलाइन कोडिंग चाचणी दिली. नाव लिहीत नाही, कारण लिहिले तर तुम्ही छापणार नाही. 90 मिनिटे, तीन प्रश्न. प्रश्न व्यवस्थित ऐकू आला. कोड लिहायच्या चौकटीत शिरलो आणि स्क्रीन रीडर मुका झाला. अक्षर दाबले की उच्चार व्हायचा, पण लिहिलेली ओळ पुन्हा ऐकायला वर जावे तर ‘रिकामे’. बाहेर पडायला टॅब दाबला, तर चार स्पेस उमटल्या. पुन्हा दाबला, आणखी चार. कीबोर्डने आत शिरता येते तिथून कीबोर्डनेच बाहेर पडता आले पाहिजे, हा सुगम्यतेच्या, म्हणजे अपंगांनाही वापरता येण्याच्या, जागतिक निकषांतला अगदी खालच्या पायरीचा नियम, 2008 पासूनचा. व्हीएस कोड या कोड लिहायच्या प्रोग्रॅममध्ये कंट्रोल आणि एम दाबले की टॅबने बाहेर पडता येते, म्हणजे जमत नाही असे नाही.

कसाबसा बाहेर आलो, तर पुढे ‘बटण’, ‘बटण’, ‘बटण’. एक कोड चालवायचे, एक जमा करायचे, एक सगळे पुसायचे असणार. मी मधले दाबले. पुसले गेले.

तेवढ्यात पहारा ठेवणाऱ्या प्रणालीचा इशारा आला : ‘खोलीत दुसऱ्या व्यक्तीचा आवाज येत आहे.’ ती दुसरी व्यक्ती म्हणजे माझा स्क्रीन रीडर. हेडफोनला परवानगी नव्हती. मग दुसरा इशारा : ‘नजर पडद्यावर ठेवा.’ हा मात्र त्याने खणखणीत वाचला. तिसऱ्या इशाऱ्याला चाचणी बंद. मदतकक्षाला लिहिले, तर उत्तर आले की शक्य असल्यास डोळस मदतनीस सोबत बसवावा. नियमावलीत कलम होते, खोलीत दुसरी व्यक्ती आढळल्यास उमेदवार बाद.

ही चाचणी बनवणारे दुष्ट नसतील. अंध माणूस फार तर संकेतस्थळ वापरेल, बनवायला कशाला बसेल, असे त्यांनी धरून चाललेले असते. बनवायची साधनेही अपंगांना वापरता आली पाहिजेत, याचे वेगळे निकष वेबचे निकष ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने 2015 साली जाहीर केले आहेत. पण ते वाचतो कोण? आणि प्रश्न फक्त आमचा नाही. ज्याचे हात चालत नाहीत तो बोलून कोड लिहितो, त्याला माउसने ओढायचे ठोकळे देऊन काय उपयोग? कोड बरोबर चालला की नाही हे नुसत्या लाल-हिरव्या ठिपक्यांत दाखवले, तर रंगांधाने काय करायचे? बटणाला नाव द्यायला कोडची एक ओळ लागते, कधी अर्धीच.

तर मुलीकडून का वाचून घेतला. तुमच्या ई-पेपरचे पान म्हणजे एक सबंध चित्र असते. माझा स्क्रीन रीडर ‘प्रतिमा’ एवढेच म्हणतो आणि गप्प बसतो. त्यामुळे तंत्रज्ञानाने अंधांना कसे स्वावलंबी केले, हा लेख आमच्या कन्येने दुसऱ्या दिवशीच्या गणिताच्या पेपरचा अभ्यास बाजूला ठेवून मला वाचून दाखवला. याबद्दल दोनदा ई-मेल केला आहे. दोन्ही वेळा पोच मिळाली, तीही चित्रातच.

हे पत्र छापलेत तर पान क्रमांक तेवढा कळवा. म्हणजे तिला शोधत बसावे लागणार नाही.

आपला,
एक जुना वाचक