माननीय क्रीडामंत्री, फ्लेक्स नंतर लावू. आधी सेन्सर द्या

प्रति,
मा. क्रीडा व युवक कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी कोपरखैरण्यात तायक्वांदो, म्हणजे मुख्यतः किकने लढायचा कोरियन खेळ, शिकवतो. आमच्याकडची पोर परदेशातून पदक घेऊन आली की वाशीपासून घणसोलीपर्यंत फ्लेक्स लागतात. त्यात पोरीचा फोटो पासपोर्टएवढा आणि शुभेच्छुकांचे हातभर. असू दे, हौस आहे. पण त्या पदकाच्या आधीच्या वर्षांत तिला काय लागतं, हे आपल्या कानावर घालायचं आहे.

हा खेळ ऑलिंपिकमध्ये पदकांसह आला तो 2000 साली, सिडनीला. तेव्हा गुण पंचांच्या नजरेवर पडायचे. 2008 ला बीजिंगमध्ये ब्रिटनच्या सारा स्टीव्हन्सनची डोक्याला बसलेली किक पंचांनी मोजलीच नाही. ब्रिटनने दाद मागितली आणि चीनच्या चेन झोंगच्या बाजूने लागलेला निकाल फिरवावा लागला. पुढे 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये होगू, म्हणजे छातीचं गार्ड, इलेक्ट्रॉनिक झालं आणि 2016 ला रिओत हेल्मेटही. आता सेन्सर मोज्यात असतो आणि होगूतही. पाय नेमका बसला आणि त्या वजनगटाला ठरवून दिलेल्या जोराने बसला, तरच स्क्रीनवर आकडा पडतो. छातीला दोन, डोक्याला तीन, फिरून मारली तर वर आणखी दोन. ठोसा तेवढा अजून पंच बघून देतात.

यामुळे खेळण्याची पद्धतच पालटली. पूर्वी मागच्या पायाने दणकून मारलेली किक, तिचा फाडकन आवाज, यावर गुण मिळायचे. आज मुली पुढचा पाय हवेत धरून समोरचीला अडवतात आणि तोच पाय खाली न टेकवता होगूवर चिकटवतात. ही सवय सेन्सरवर सराव केल्याशिवाय लागत नाही. आमच्या मुलांच्या वाट्याला मात्र सरावाला साधा होगू आणि आवाजावरचे गुण.

माझी एक विद्यार्थिनी 49 किलोखालच्या गटात खेळते. पहिल्यांदा परदेशी स्पर्धेत उतरली तेव्हा पहिल्याच फेरीत तिच्या चांगल्या किक बसल्या आणि स्क्रीनवर शून्य. मध्यंतरात खुर्चीवर येऊन बसली आणि म्हणाली, “सर, लागली ना?” लागली होती. पण नडगीने लागली होती, आणि गुण मिळतो तो घोट्याच्या खालच्या पावलाने. गावात टेनिस बॉलवर शतकं ठोकणाऱ्या पोराला थेट सीझन बॉलसमोर उभं करावं, तसं आम्ही तिला उभं केलं होतं.

तिचे वडील एपीएमसीत माथाडी. ती स्पर्धा पतपेढीच्या कर्जावर झाली. आणि एका स्पर्धेने भागत नाही. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकसाठी प्रत्येक वजनगटात ऑलिंपिक क्रमवारीतल्या पहिल्या पाचांना थेट प्रवेश होता. क्रमवारीचे गुण बहुतेक परदेशातल्या मानांकन स्पर्धांतून मिळतात. प्रवेश फी, व्हिसा, तिकीट, हॉटेल, सगळं खेळाडूच्या खिशातून. त्यात तायक्वांदो राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत नाही, म्हणजे बाकी खेळांना मिळणारी ती पायरीही आम्हाला नाही.

‘श्रीमंत देशांचा खेळ’ असं कुणी आपल्याला सांगितलं तर कृपया ऐकू नका. अफगाणिस्तानचं पहिलं ऑलिंपिक पदक तायक्वांदोचं, रोहुल्ला निकपाईचं, 2008 मध्ये. व्हिएतनामचं पहिलं, 2000 मध्ये, यातच. जॉर्डनला 2016 मध्ये पहिलं पदक मिळालं, तेही सुवर्ण, यातच. आपल्याकडे सुरेंद्र भंडारीने 2002 च्या बुसान आशियाई स्पर्धेत कांस्य आणलं, अरुणा तंवर टोकियो पॅरालिंपिकला गेली. पण सिडनीपासून पॅरिसपर्यंत ऑलिंपिकच्या मॅटवर भारताचा एकही तायक्वांदो खेळाडू उतरलेला नाही.

मागणी मोठी नाही. ठाणे जिल्ह्यासाठी हेल्मेटसह इलेक्ट्रॉनिक होगूचा एक संच घ्या. तो जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या ताब्यात राहू दे आणि वेळापत्रक लावून सगळ्या क्लबना मिळू दे. कोण कुठल्या संघटनेचा, हे तिथे विचारलं जाऊ नये. आमच्या खेळातल्या संघटनांच्या भांडणात ‘सर, आमचं सर्टिफिकेट सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणाला चालेल ना?’ असं पालक विचारतात तेव्हा मला छातीठोक उत्तर देता येत नाही. तो घोळ निस्तरायला वेळ लागेल, हे कळतं. संचाला वेळ लागायचं कारण नाही.

दुसरं, आठ मीटरचा अष्टकोनी मॅट कायम अंथरलेला राहील अशी एक जागा द्या. आम्ही सराव करतो तो हॉल भाड्याचा. लग्नसराईत हळदीचं बुकिंग आलं की मुलं मॅटचे तुकडे सोडवून जिन्याखाली रचतात आणि डीजेवाले आत येतात. हळदीला आमचा विरोध नाही, निम्मी पोरं तिथेच जेवतात! पण राज्य स्पर्धेच्या आठवड्यात हे नको वाटतं.

तिसरं, मानांकन स्पर्धेचा खर्च पदकावर अवलंबून ठेवू नका. निवड झाली, प्रवेशिका स्वीकारली गेली, की तिकिटाचे पैसे आगाऊ मिळावेत. परतल्यावर बोर्डिंग पास, पावत्या आणि लढतींचे निकाल जमा करण्याची अट घाला. आमची हरकत नाही, कागद आम्ही वेळेत देऊ.

कळावे,
आपला,
कोपरखैरण्यातील एक तायक्वांदो प्रशिक्षक