अझ्टेक भांड्यांवरच्या कवट्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत मेक्सिकोतल्या प्राचीन अझ्टेक लोकांच्या मातीकामावर लेख आला, याचा फार आनंद झाला. पण भांड्यांवर रंगवलेल्या कवट्या आणि हाडे ही ‘रक्तपिपासू समाजाची खूण’ असल्याचे त्यातले विधान मला मुळीच पटले नाही. नरबळी तिथे दिले जात, हे खरेच. तरी त्या लोकांच्या लेखी हाड म्हणजे नुसते मरण नव्हते. क्वेत्झालकोआत्ल हा देव पाताळातून जुनी हाडे घेऊन आला, ती दळली गेली, त्यांवर देवांनी स्वतःचे रक्त शिंपडले आणि त्यातून आजची माणसे जन्मली, अशी त्यांची उत्पत्तिकथा आहे. हाड त्यांच्यासाठी बियाण्यासारखे होते.

लेखात त्लालोकचा उल्लेखही नाही, याचे तर वाईट वाटले. मेक्सिको सिटीतल्या टेम्प्लो मायोर या अझ्टेकांच्या मुख्य देवळाच्या उत्खननात या पर्जन्यदेवाचे निळे मडके मिळाले. वाटोळी कडी बसवल्यासारखे डोळे, शिवाय बाहेर आलेले सुळे. मडक्यालाच देवाचा चेहरा! त्लालोकचे छोटे सेवक मडक्यांतून पाणी ओततात, तो पाऊस. काठीने मडकी फोडतात, तो गडगडाट, ही समजूत सोळाव्या शतकात लिहून ठेवलेली आहे. ती ठाऊक असली की या मडक्याकडे नुसती शोभेची वस्तू म्हणून बघता येत नाही.

रोजच्या वापरातली भांडी वेगळीच. नारिंगी अंगावर काळ्या, केसासारख्या बारीक समांतर रेघा आणि वळणे. शेवटच्या टप्प्यात फुले, पक्षी, मासेही येतात. मिरच्या वाटायच्या वाडग्याच्या तळाला मुद्दाम चरे पाडलेले असत. आणि हे सगळे कुंभाराच्या चाकाशिवाय! बहुरंगी, कवट्या-पिसांची भांडी मात्र विशेषतः मेक्सिकोतल्याच चोलुला आणि प्वेब्लाच्या बाजूची. अझ्टेक सम्राट मोक्तेसुमाच्या पंगतीला चोलुलाचीच भांडी असत, असे स्पॅनिश सैनिक बेर्नाल दियास याने लिहिले आहे.

म्हणून एक विनंती. पुढच्या वेळी अशी छायाचित्रे छापताना भांडे कुठल्या गावचे, कधीचे आणि घरात सापडले की देवळात, एवढे तरी खाली द्यावे. ‘अझ्टेक भांडे’ एवढ्यावर भागवू नये.

आपली,
एक नियमित वाचक, मिरज