काकूच आल्या परत, असं मी म्हणायला नको होतं

पुणे, ३ मे

प्रिय बये,

पत्र बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. फोन केला की तुझी लेक तरी रडते, नाहीतर माझ्या कुकरची शिट्टी होते, आणि जे बोलायचं ते राहूनच जातं.

गेल्या रविवारी तू बाळाचं तोंड कॅमेऱ्यासमोर धरलंस आणि मी पटकन बोलून गेले, "अगं, काकूच आल्या की परत!" तू हसली नाहीस. "सगळे हेच म्हणतात," एवढंच म्हणालीस आणि लंगोट बदलायला उठलीस. फोन ठेवल्यावर मला माझीच लाज वाटली. तुझ्या आईचा, काकूंचा, व्हिसा जानेवारीत आला, फेब्रुवारीत त्या वारल्या आणि मार्चअखेर तुझी लेक झाली. तुझ्या माहेरी ती बॅग अजून पलंगाखाली आहे, मी पाहिली: हळीव, डिंक, बाळंतशेपा, जुन्या सुती साड्यांची शिवलेली दुपटी. एवढं सगळं माहीत असून मी ते वाक्य बोलले. का, तर आपल्याकडे तसं बोलायची रीतच आहे.

माफी मागायला बसले, पण नुसती माफी मागणं मला कधी जमलंय? सोबत एक अल्बम सुचवते. गायिका केट बुशचा 'एरियल'. तू तिच्याच मुलखात राहतेस, नाव कानावर असेलच. १९७८ साली, एकोणीस वर्षांची असताना, ती पहिल्याच गाण्याने इंग्लंडात एक नंबरवर गेली होती. 'एरियल' मात्र तिच्या चाळिशीतला. १९९३च्या अल्बमनंतर तब्बल बारा वर्षं काही नाही, आणि मग नोव्हेंबर २००५ मध्ये एकदम दोन तबकड्या. मधल्या काळाबद्दल लोकांनी काय काय कुजबुज केली. प्रत्यक्षात झालं होतं ते आपल्या बायकांचं होतं तेच. १९९२ मध्ये तिची आई गेली. आई मूळची आयर्लंडची, पेशाने नर्स. आणि १९९८ मध्ये मुलगा झाला, बर्टी. त्याची बातमीही तिने बाहेर फुटू दिली नव्हती. २००० साली गायक पीटर गॅब्रिएल बोलून गेला तेव्हा जगाला कळलं. (माझ्यासारखेच तोंडाळ लोक सगळीकडे असतात.)

आता मुद्द्याचं. आई आणि मुलगा, दोघांवरची गाणी पहिल्याच तबकडीवर आहेत. बर्टीचं तिसरं, आईचं सातवं, शेवटचं. दोन्हींत एकमेकांचं नावही नाही. मुलाच्या गाण्यात आजी डोकावत नाही, आईच्या गाण्यात "पण आता नातू आहे ना" असा दिलासा नाही. एवढी साधी गोष्ट, पण मला ती कळायला वर्षं लागली.

'बर्टी' मला आधी आवडलंच नव्हतं, खरं सांगते. जुन्या युरोपीय दरबारातली वाटावीत अशी तंतुवाद्यं, आणि त्यावर ही बाई लेकाचं नुसतं कौतुक करत सुटलीय. कसलीही आडकाठी नाही, उपरोध नाही. मला ते फार गोडमिट्ट वाटायचं. माझा मुलगा तेव्हा चार महिन्यांचा होता आणि मी झोपेसाठी वखवखलेली, त्यामुळे असेल. आता वाटतं, बाळाकडे बघून असं बिनकामाचं, बिनहिशेबी खूश होता यावं, तेवढीच जागा तिने त्या गाण्याला दिलीय. त्याच्या डोक्यावर दुसरं कुठलंच ओझं ठेवलेलं नाही.

लगेच पुढचं गाणं कपडे धुण्याचं आहे! 'मिसेस बार्तोलोझी'. नुसता पियानो आणि आवाज. पावसाच्या दिवशी घरभर चिखल झालाय, बाई फरशी घासघासून लख्ख करते, मग सगळ्यांचे शर्ट-पँटी नव्या वॉशिंग मशीनमध्ये टाकते आणि त्यांच्याकडे बघत बसते. तिचा ब्लाउज त्याच्या पँटीला वेढे घालतो, बघता बघता ती समुद्रात पोचते. शेवटी तिला वाटतं, बाहेर तो उभा आहे. असतो तो दोरीवरचा शर्ट, हात हलवणारा. नवरा गेलाय का, कुणाला काही झालंय का, गाणं सांगत नाही. २००५ मध्ये कुणी कुणी या गाण्याला हसलं म्हणे, धुण्याचं काय गाणं करायचं म्हणून. त्यांनी दिवसाला दहा लंगोट धुतले नसणार. तू फोनवर म्हणालीस ना, "रडायला वेळच नाही गं, मशीन लावायचं असतं"? मला हेच गाणं आठवलं.

आणि मग आईचं, 'अ कोरल रूम'. हे दुपारी ऐकू नकोस, कुणी येण्यासारखं असेल तर तर मुळीच नको. पुन्हा पियानोच. समुद्राच्या तळाशी एक शहर बुडालंय, त्यावर मच्छीमाराचं जाळं पडलंय, पडझडीवरून काळाचा कोळी चढतोय. होडीच्या कडेवरून पाण्यात हात घाल, काय लागतं हाताला, असं ती विचारते. एवढं सगळं भव्य चाललेलं असताना एकाएकी येतो आईचा छोटासा तपकिरी जग, दुधाचं भांडं. आई त्याच्यावरचं एक जुनं गाणं गुणगुणायची, ते दोन ओळींपुरतं मागून पुरुषांच्या आवाजात येतं आणि जातं. जग पडतो, फुटतो. फुटक्या जगातून तोच कोळी बाहेर येतो. मग पुन्हा तोच प्रश्न, हात घाल पाण्यात. उत्तर नाही.

मी हे पहिल्यांदा नीट ऐकलं ते आई गेल्यावर चौथ्या महिन्यात, ओट्यापाशी उभी राहून. समोर तिचं सायीचं पातेलं होतं. तुला माहितीय ते, स्टीलचं, काठाखाली टिंबाटिंबांनी नाव कोरलेलं, आधी 'सौ.', खाली तारीख. ती तारीख माझ्या बारशाची आहे. कुणीतरी आहेर केलेला. इंग्रज बाईचा जग फुटला, तिला निदान रडता तरी आलं. आपल्या आयांची भांडी फुटतही नाहीत. पोचे पडतात आणि त्यात पुन्हा दूध तापतं. मी गॅस बंद केला, गाणं पुन्हा लावलं, आणि नंतर त्याच पातेल्यात चहा टाकला.

दुसरी तबकडी वेगळी आहे. एकच सलग दुपार, संध्याकाळ, रात्र आणि पहाट. सुरुवातीला छोटा बर्टी आईबाबांना सांगतो की दिवस पाखरांनी भरलाय. त्यातल्या एका चित्रकाराचे बोल आधी दुसऱ्याच कुणाचे होते. २०१८च्या नव्या आवृत्तीत ते बर्टीच्या, आता बाप्या झालेल्या, आवाजात आहेत. २०१४ मध्ये, पस्तीस वर्षांनी, ती पुन्हा मंचावर आली आणि लंडनमध्ये बावीस प्रयोग केले, त्यांतही सोळा वर्षांचा तो सोबत होता. मला ही माहिती फार सुखावते, का ते विचारू नकोस. बाकी पहिल्या तबकडीतलं जोन ऑफ आर्कचं गाणं मी सोडून देते. गणितातल्या 'पाय'वरचं (π) ऐक मात्र. ती दशांशस्थळं गाते, मध्येच बरेच आकडे गाळते. गणिताच्या बाई म्हणून तुझा जीव तळमळेल.

मुखपृष्ठावर सोनेरी समुद्रात डोंगरांची रांग दिसते. ते डोंगर नाहीत, ब्लॅकबर्डच्या गाण्याचा ध्वनी-आलेख आहे. आपल्या कस्तुराचाच भाऊबंद तो. अल्बमच्या शेवटी ती त्याच्याबरोबर खदाखदा हसते, शब्द नाहीत, नुसतं हसू. तुझ्या खिडकीबाहेर मे महिन्यात उजाडायच्या आधीच तो सुरू होत असेल. चारच्या दुधाला उठतेस तेव्हा खिडकी जरा किलकिली कर. इथे तेव्हा साडेआठ वाजलेले असतात, मी पोह्यांना फोडणी देत असते. फोन केलास तरी चालेल, बोलली नाहीस तरी चालेल.

आणि तुझ्या लेकीचं नाक. काकूंचं नाही, मी फोटो पुन्हा नीट पाहिला. तिचं तिचंच आहे, जरा चपटं.

तुझा दीर पंधरा तारखेला निघतोय. त्याच्याकडे दुपटी आणि हळीव दिलेत, काकूंच्या बॅगेतले. डिंकाचे लाडू मी केलेत, तेव्हा कडक झाले असतील. दुधात बुडवून खा.

तुझीच,
दुसरी बया